ब्लेडपुरती जागा

पालिकेच्या आरोग्य विभागात मुख्य आरोग्य अधिकाऱ्याची एक खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल होता, आणि तो टॉवेल दर सोमवारी बदलून धुवायला जात होता. खुर्चीत मात्र कोणी बसत नव्हतं. मग टॉवेल मळतो कशाने, हा प्रश्न तसा आरोग्य विभागाच्याच अखत्यारीतला. पण तो कधी कोणी विचारला नाही.

खुर्चीच्या डाव्या हाताला, टेबलाच्या कडेशी, बिनहातांची एक साधी खुर्ची असायची. तिच्यात डॉ. प्रबुद्ध लोणे बसायचा. मुख्य आरोग्य अधिकारी तोच होता, पण इन्चार्ज. पुण्यामुंबईकडे याला प्रभारी म्हणतात. हैदराबादेत तेलुगू, उर्दू, मराठी, कुठल्याही भाषेत इन्चार्जच म्हणतात, त्यामुळे या एका बाबतीत शहरात भाषेचं भांडण नाही. इन्चार्ज माणसाने कामं सगळी करायची, सह्या सगळ्या ठोकायच्या, डेंग्यूच्या दिवसांत वर्तमानपत्रांच्या शिव्या सगळ्या खायच्या. फक्त मधल्या खुर्चीत बसायचं नाही. असा काही लेखी नियम नाही. लेखी नसल्यामुळेच तो आजवर कोणी मोडलेला नाही.

अडचण एवढीच होती, की फोन मधल्या खुर्चीच्या उजव्या हाताला होता. तो वाजला की प्रबुद्ध उठायचा, रिकाम्या खुर्चीला मागून वळसा घालायचा आणि उभ्यानेच बोलायचा. फोन हलवायला हवा, असं त्याने पहिल्या वर्षी अटेंडर यादगिरीला सांगितलं होतं. यादगिरी म्हणाला होता, रेग्युलर साहेब येऊ द्या, मग त्यांना कुठे हवा ते विचारून हलवू. या गोष्टीला आता दहा वर्षं होत आली होती.

आधीचे रेग्युलर साहेब सरकारी दवाखान्यांतून डेप्युटेशनवर आले होते. एक त्वचारोगाचे, एक बाळंतपणाच्या, आणि एक तर जनावरांचे डॉक्टर. शहरात कुत्र्यांचा उपद्रव मोठा असल्याने त्यांची नेमणूक अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. सार्वजनिक आरोग्य या विषयात एम.डी. केलेला माणूस विभागात एकच होता, आणि तो कडेच्या खुर्चीत होता. या विद्येचं दुर्दैव असं, की ती नीट वापरली तर काहीच घडत नाही. पटकी आली नाही, गोवर पसरला नाही, पाण्यातून कावीळ झाली नाही. जे घडलंच नाही त्याबद्दल कोणी हार आणत नाही.

त्याची आई भागूबाई हयात असताना एकदा तिने विचारलं होतं, "दवाखाना कुठं हाय रं तुझा?"

"आई, सगळं शहरच."

"म्हंजी नाही," भागूबाई म्हणाली, आणि पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

वडील किशनराव नांदेडकडून आलेले. याच पालिकेच्या मलेरिया विभागात खांद्यावर धुराचं मशीन घेऊन त्यांनी सगळं शहर पायाखाली घातलं, तेही बरीच वर्षं रोजंदारीवर. त्या घरात 'आर्डर' हा शब्द इतर घरांत देवाचं नाव घेतात तसा घेतला जायचा. आर्डर येणार, आर्डर निघालीय, आर्डर साहेबाच्या टेबलावर हाय. शेवटी ती आली तेव्हा किशनरावांनी तिला काच लावून घेतली आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली टांगली. आता त्या दोन्ही चौकटी नल्लकुंट्याच्या फ्लॅटमध्ये होत्या. शेजारी तिसरी होती, माधवीच्या फोटोची. प्रबुद्धची बायको. घरात भिंतीवरची माणसं तीन होती आणि जमिनीवरचा एक.

माधवी शाळेत गणित शिकवायची. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ती गेली. शहरातले जन्माचे आणि मृत्यूचे दाखले मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या सहीने निघतात. त्या दिवसांत ते गठ्ठ्याने यायचे. तिचाही आला, गठ्ठ्याच्या मध्यावर कुठेतरी. प्रबुद्धने नाव वाचलं, वय बरोबर आहे ना ते पाहिलं, सही केली, शिक्का मारला. तो नको म्हणाला असता तरी दुसरं कोणी सही करायला पात्र नव्हतं.

शिक्क्यावर त्याचं नाव होतं, नावाखाली हुद्दा, आणि हुद्द्याच्या बऱ्याच खाली, स्वतंत्र ओळीत, 'इन्चार्ज'. ही मधली मोकळी जागा सुलतान बाजारातल्या मुनीरमियाँची देणगी. चार्ज मिळाला त्या आठवड्यात प्रबुद्ध त्यांच्या टपरीएवढ्या दुकानात शिक्का करायला गेला होता. मुनीरमियाँ शहरातल्या निम्म्या इन्चार्जांचे शिक्के करायचे आणि सगळ्यांचे याच पद्धतीने करायचे. "इन्चार्ज की लाइन नीचे डाला मैं, डाक्टर साब," ते म्हणाले होते. "बीच में ब्लेड जाने इत्ती जगा छोड़ा. परमनंट का आर्डर आया तो उत्ता हिस्सा काट लेना. नया शिक्का बनाने की जरूरत नै."

काही लोकांचं सहा महिन्यांत कापून झालं. प्रबुद्धचा शिक्का अखंड राहिला.

मुलगी शिवानी टोरंटोत नोकरीला होती. तिला तिथल्या कसल्याशा कामासाठी आईचा दाखला लागला. तो दिल्यावर तिथल्या कारकुनाने विचारलं, की हा सही करणारा अधिकारी कायमचा आहे की तात्पुरता. शिवानीने ते फोनवर हसत हसत सांगितलं. "पप्पा, ते विचारतात, मम्मीचं सर्टिफिकेट टेंपररी आहे का?"

प्रबुद्धही हसला. फोन ठेवला. मग त्याच्या मनाने एक गोष्ट घेतली, जी त्याने कोणालाच सांगितली नाही, कारण सांगण्यासारखं माणूस घरात नव्हतं आणि ऑफिसात सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. त्याआधी एकदा रेग्युलर व्हायचं. शिक्क्याची खालची ओळ ब्लेडने कापायची. आणि पहिल्या दिवशी पहिलं काम म्हणून माधवीचा दाखला नव्याने काढायचा. नियमात बसत होतं ते. दाखल्याची प्रत कितीही वेळा काढता येते.

आणि चमत्कार म्हणावा तसं, त्याच महिन्यात कोर्टाने पालिकेला फटकारलं. कोणीतरी अर्ज केला होता, की एवढ्या मोठ्या शहराला शिकलेला आरोग्य अधिकारी का नाही. पालिकेने उत्तर दिलं, की या पदाची पात्रता ठरवणारे नियमच बनलेले नाहीत. कोर्टाने विचारलं, मग इतकी वर्षं कोणत्या आधारावर माणसं नेमली. यावर पालिकेने वेळ मागून घेतला. शेवटी हुकूम झाला: नियम करा, जाहिरात द्या, पद भरा.

कमिशनर नवे होते, घाईत होते. त्यांनी प्रबुद्धला बोलावून नियमांचा मसुदा करायला सांगितलं. या विषयातलं शिक्षण घेतलेले तुम्हीच एक दिसता, असं ते काहीशा आश्चर्याने म्हणाले. उमेदवारानेच पात्रतेचे नियम लिहावेत का, असं प्रबुद्धने अदबीने विचारलं. कमिशनर म्हणाले, दुसरं कोण लिहिणार? आणि लिहिताना पदवी फार ताणू नका. असले पदवीवाले मिळत नाहीत. अनुभव पक्का ठेवा, पदवी शिथिलक्षम ठेवा. म्हणजे अनुभव भरभक्कम असला तर पदवी माफ, पण पदवी कितीही मोठी असली तरी अनुभव माफ नाही.

शिवानीला त्याने हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सिंपल आहे पप्पा. क्वालिफिकेशनमध्ये टाका, कँडिडेटचं नाव प्रबुद्ध लोणे पाहिजे."

ते काही रविवार प्रबुद्धच्या आयुष्यातले गेल्या कित्येक वर्षांतले बरे रविवार होते. सकाळी चहा झाला की तो जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसायचा. माधवी याच टेबलावर वह्या तपासायची. तिच्या लाल शाईचा एक डाग अजून लाकडात होता, तो त्याने कागदाखाली येऊ दिला नाही. मसुदा अर्थातच इंग्रजीत होता, पण लिहिताना तो एकेक वाक्य मराठीत मोठ्याने म्हणून बघायचा. शहराच्या आरोग्य अधिकाऱ्याला काय काय यावं? पाण्याचा नमुना कुठून घ्यायचा हे कळावं. मृत्यूंच्या आकड्यात एखादी वस्ती एकाएकी का वर येते हे कळावं. साथ येण्याआधी तिची चाहूल लागावी. लिहिता लिहिता त्याला वाटायचं, असा माणूस मिळाला तर शहराचं भलं होईल. तो माणूस आपणच आहोत हे अधूनमधून आठवायचं, तेव्हा संकोच वाटून तो चहा करायला उठायचा.

संकोचाला कारण होतं. शाळेपासून त्याच्याबद्दल एक वाक्य बोललं गेलं होतं. पहिला नंबर आला तेव्हा, मेडिकलला गेला तेव्हा, एम.डी. झाला तेव्हा. वाक्य कधी पुरं बोललं जायचं नाही. "यांचं काय बुवा" एवढ्यावर थांबायचं आणि बाकीचं डोळ्यांनी व्हायचं. त्यामुळे त्याला एक सवय लागली होती. रांग असेल तर तो दोन माणसं मागेच उभा राहायचा.

अशाच एका रविवारी डॉ. वरुण उमरीकर आला. बरकतपुऱ्यात त्याचं तीन पिढ्यांचं घर. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील वकील, काका सचिवालयात. त्या घरात ऑर्डरी पाहुण्यांसारख्या आपल्या पायाने यायच्या. वरुण डोळ्यांचा सर्जन होता, हात चांगला होता त्याचा. डेप्युटेशनवर पालिकेत येऊन तीनएक झोनांचा तो आळीपाळीने इन्चार्ज झाला होता, आणि मुख्य पदासाठी त्याचं नाव ऐकू येत होतं. वाईट माणूस नव्हता. येताना बदामाची जाळी ही इथली मिठाई घेऊन आला, माधवीच्या फोटोपुढे क्षणभर हात जोडून उभा राहिला, चहाला बरं म्हणाला. या शहरात मराठीत गप्पा मारायला माणूस मिळत नाही, अशी तक्रार त्याने केली. प्रबुद्धला ती पटली. गेला आठवडाभर तो यादगिरीशी, म्हणजे तेलुगूत, सोडून फारसं काही बोलला नव्हता.

मग वरुण कामाचं बोलला. "लोणेसाहेब, अनुभवाच्या कलमात इन्चार्जचा काळ धरा म्हणजे झालं. एवढी वर्षं झोन सांभाळले, ते काय हवेत जाणार? पदवी तर शिथिलक्षमच आहे म्हणे."

प्रबुद्धने बघतो म्हणून सांगितलं.

वरुण चपला घालता घालता थांबला. "बाकी तुम्हाला काय काळजी. तुम्हा लोकांसाठी नियम थोडा वाकतोच." हे तो अगदी मोकळेपणाने म्हणाला, जसं एखाद्याला तुमच्या घरात हवा छान येते म्हणावं. आणि जिना उतरून गेला.

बदामाची जाळी टेबलावर राहिली. प्रबुद्धने दार लावलं, बसला, आणि अनुभवाचं कलम पुढे ओढलं. त्याने लिहिलं: उमेदवाराला उप आरोग्य अधिकारी किंवा त्यावरच्या पदाचा पाच वर्षांचा अनुभव असावा. अनुभव म्हणजे नियमित नेमणुकीच्या आदेशाने धारण केलेल्या पदावरचा अनुभव. इन्चार्ज, अतिरिक्त कार्यभार किंवा डेप्युटेशन यांवरचा काळ कोणत्याही कारणास्तव धरला जाणार नाही.

'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द त्याने नंतर घातले. वाचून पाहिलं. इतकं सरळ वाक्य त्याने आयुष्यात लिहिलं नव्हतं. त्यातून सुईसुद्धा वाकडी जाऊ शकली नसती. वाचताना त्याला डोळ्यांपुढे वरुण दिसत होता, त्याआधीचे त्वचावाले, बाळंतपणवाल्या आणि जनावरांचे दिसत होते. रोज सकाळी दाढी करताना जो दिसतो, तेवढा एक दिसला नाही. दहा वर्षं जे काम केलं ते त्याच्या हिशेबी काम होतं, इन्चार्ज हा फक्त शिक्क्यावरचा शब्द होता.

मसुदा विधी शाखेतून गेला, समितीतून गेला, सरकारची मंजुरी आली. कमिशनरांनी कौतुक केलं. जाहिरात निघाली. आणि अर्ज भरताना, एका दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, प्रबुद्ध चौथ्या रकान्याशी आला: नियमित नेमणुकीचा आदेश क्रमांक.

त्याच्याकडे तसा आदेश एकच होता, दवाखान्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा, तरुणपणचा. पुढची सगळी चढती कमान मेमोंवर झाली होती. उप अधिकारी, इन्चार्ज. झोनचा अधिकारी, इन्चार्ज. मुख्य अधिकारी, इन्चार्ज. त्याने नियम काढून कलम पुन्हा वाचलं. वाक्य अजूनही चांगलं होतं.

यादगिरी डबा उचलायला आला. साहेबांना बरं नाही का, असं त्याने विचारलं. प्रबुद्धने पाणी मागितलं.

विधी शाखेच्या निशिगंधाबाईंच्या लक्षात हे त्याच्या आधी आलं होतं, पण त्यांना वाटलं होतं की सरांच्या मनात काही योजना असेल. जुन्या शहरातल्या वकील घराण्यातली ही बाई. कायदा म्हणजे घरातलं भांडं, हवं तसं कलतं करता येतं, असा त्यांचा अनुभव होता. योजना नाही हे कळल्यावर त्या स्वतः प्रबुद्धच्या खोलीत आल्या, आणि रिकाम्या खुर्चीसमोर बसल्या, कारण पाहुण्यांच्या खुर्च्या तिच्यासमोरच होत्या. प्रबुद्धकडे बघायला त्यांना मान वळवावी लागली. उपाय सोपा होता. विभागप्रमुखाने कलमाचा अर्थ सांगणारं एक स्पष्टीकरण काढायचं: सलग पाच वर्षं एकाच पदाचा चार्ज सांभाळला असेल, तर हे कलम लागू नाही. वरुण झोनाझोनांतून फिरलेला, तो त्यात बसत नव्हता. सगळ्या पालिकेत त्यात बसणारा माणूस एकच होता. कमिशनरांची तयारी होती, शुक्रवारी विचारून घेतलं होतं.

"एक ओळ आहे, सर," निशिगंधाबाई म्हणाल्या. "वाक्य तुमचं, अर्थही तुम्हीच सांगायचा. अन्याय कोणावरच नाही यात."

ते खरं होतं. कोणावरच नव्हता.

त्याने सोमवारपर्यंत मुदत मागितली. शनिवारी पहाटे, तिकडे अजून शुक्रवारची संध्याकाळ असताना, शिवानीला फोन केला. तिला हे सगळं समजावून सांगताना त्याच्या लक्षात आलं, की ती मध्ये मध्ये हं म्हणतेय आणि पलीकडे टायपिंगचा आवाज येतोय. "लिहून टाका ना पप्पा," ती म्हणाली. "यू डिझर्व इट. सगळे करतात." मग तिची मीटिंग होती. माधवीच्या दाखल्याचं त्याला बोलायचं होतं, ते राहिलं. माधवी असती तर तिने काय म्हटलं असतं, याचाही त्याने विचार केला, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याला अंदाज येईना. ती कधी रांगेत मागे उभी राहिली नव्हती. फार तर ती वर्गात मुलांना सांगायची तसं म्हणाली असती, आधी उत्तर लिहा, रीत नंतर दाखवा.

रविवारी त्याने ती ओळ लिहिली. लिहायला काहीच वेळ लागला नाही. मोठ्याने म्हणून पाहिली. वाक्याच्या प्रत्येक शब्दाला त्याच्या अंगाचं माप होतं. शिंप्याने उभं करून घेतलं असतं तरी इतकं बरोबर बसलं नसतं. सलग. पाच वर्षं. एकाच पदाचा. त्याने ते पुन्हा वाचलं, आणि वाचून संपताच, दुसऱ्या कोणाच्या आवाजात, अगदी मोकळेपणाने, पुढचं वाक्य ऐकू आलं. तुम्हा लोकांसाठी नियम थोडा वाकतोच.

समोर भिंतीवर किशनरावांची आर्डर होती. तिच्यावरचे टाइप केलेले शब्द फिके पडत चालले होते, पण सही ठळक होती. त्या आर्डरीसाठी किशनरावांनी किती वर्षं धूर गिळला ते प्रबुद्धला माहीत होतं. कोणी वाकवून दिली असती तर त्यांनी घेतली असती का? घेतली असती, प्रबुद्धला वाटलं. आनंदाने घेतली असती, पेढे वाटले असते. ते त्याच्यापेक्षा शहाणे होते. या विचाराने त्याला जरा बरं वाटलं, पण सही करायला हात काही पुढे झाला नाही. कागदाची घडी घालून त्याने ती बदामाच्या जाळीच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि डबा कपाटावर.

सोमवारी निशिगंधाबाई आल्या. टॉवेल नुकताच बदललेला होता.

"कलमाला स्पष्टीकरणाची गरज नाही," प्रबुद्ध म्हणाला. "ते स्पष्टच आहे."

"सर, मग तुम्ही बाहेर राहता."

"हो. स्पष्ट आहे."

मग त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि घरातल्या एखाद्या हट्टी म्हाताऱ्याबद्दल बोलतात तशा सुरात, काही माणसांपुढे कायदा तरी काय करणार, असं काहीसं पुटपुटत उठल्या.

अर्ज मात्र त्याने दिला. मुदतीत दिला, रकाने सगळे भरले, चौथ्यात आडवी रेघ मारली. अर्जांची छाननी करणं हे विभागप्रमुखाचं काम असल्याने सगळे अर्ज त्याच्याकडेच आले. स्वतःच्या अर्जाची छाननी स्वतः करू नये, असा एक नियम असायला हवा होता. मसुद्यात तो घालायचा राहून गेला होता. कमिशनरांच्या कानावर त्याने ते घातलं. ते म्हणाले, तुमच्याइतकं ते कलम दुसऱ्या कोणाला कळतं?

प्रबुद्धने एकेक अर्ज पाहिला. वरुणचा पाहिला: अपात्र. एका दंतवैद्याचा होता, निवृत्त लष्करी डॉक्टरांचा होता: अपात्र. त्याचा स्वतःचा गठ्ठ्याच्या मध्यावर कुठेतरी आला. त्याने नाव वाचलं, वय बरोबर आहे ना ते पाहिलं. चौथा रकाना पाहिला. अपात्र असं लिहिलं, सही केली, आणि शिक्का मारला. हे आपण याआधी एकदा केलेलं आहे, अगदी याच टेबलावर, असं त्याला त्या क्षणी वाटलं. तेव्हाही दुसरं कोणी पात्र नव्हतं.

शिक्का उचलला तेव्हा कागदावर नुसतं 'इन्चार्ज' उमटलेलं होतं. वरचं नाव आणि हुद्दा झिजून झिजून धुरासारखे झाले होते. खालची ओळ कडेला असल्याने तिच्यावर भार कमी पडायचा; ती नव्यासारखी होती.

संध्याकाळी वरुणचा फोन आला. प्रबुद्धने वळसा घालून तो उभ्यानेच घेतला. वरुण रागावला नव्हता. त्याची एका राज्यस्तरीय मंडळावर नेमणूक होत होती, जिथे पात्रतेचे नियम अजून बनलेले नव्हते. "आम्हाला काढलंत ते समजलं, साहेब," तो म्हणाला. "पण स्वतःलाही?" त्याच्या आवाजात खरंच कुतूहल होतं. प्रबुद्धने उत्तर जुळवायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मराठीत विचारलं होतं. पण वरुणला मध्येच दुसरा फोन आला, आणि पुन्हा बोलू म्हणून त्याने ठेवला.

पंधरवड्याने पालिकेचा मेमो आला. पात्र उमेदवार न मिळाल्याने, तो मिळेपर्यंत, मुख्य आरोग्य अधिकारीपदाचा चार्ज डॉ. लोणे यांच्याकडेच राहील. नियम मात्र गाजले. दुसऱ्या दोन पालिकांनी त्यांची प्रत मागवली.

शिक्का करायला प्रबुद्ध स्वतः सुलतान बाजारात गेला. बसमधून उतरून कापडाच्या दुकानांपुढच्या गर्दीतून वाट काढत. लग्नसराई होती. माधवीला इथे साडी घ्यायला दोन तास लागायचे, आणि तो पुस्तकांच्या दुकानापाशी उभा राहून तिची वाट बघायचा. आज तो कोणाचीच वाट बघत नव्हता, तरी त्याच ठिकाणी जरा थांबला. मुनीरमियाँ आता म्हातारे झाले होते. अक्षरं मशीनवर होऊ लागली होती, पण रबर बसवायला ते कोणाला हात लावू देत नसत. त्यांनी जुना शिक्का उलटा करून चष्म्याजवळ नेला.

"आर्डर आ गया, साब?"

प्रबुद्धने नकारार्थी मान हलवली.

मियाँनी त्याच्या चेहऱ्याकडे न बघता शिक्का खाली ठेवला. "कोई बात नै. वैसाच बना देता मैं. बीच में जगा छोड़ के."

"जगा नक्को छोड़ो, मियाँ," प्रबुद्ध म्हणाला. "लाइनां मिला के डालो."

मियाँ कामाला लागले. प्रबुद्ध स्टुलावर बसून राहिला. रस्त्यावरून ऑटो जात होते, शेजारचा बांगड्यावाला कोणा बाईला तिच्या मापाची बांगडी नसतेच असं पटवत होता. काम झाल्यावर मियाँनी शिक्का शाईत दाबून एका जुन्या पत्रिकेच्या पाठीवर उमटवून त्याच्यापुढे धरला. नाव होतं, हुद्दा होता, खाली इन्चार्ज होतं. आणि मधे, पूर्वीइतकी नाही, पण नख जाईल इतकी, जागा राहिलेलीच होती.

प्रबुद्धने ती बोटाने दाखवली.

"हाथ को आदत है, साब," मुनीरमियाँ म्हणाले.

ब्लेड त्यातून गेलं नसतं. प्रबुद्धने उमटवलेला कागद वाळेपर्यंत हातात धरला, मग शिक्का त्यातच गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला आणि नल्लकुंट्याच्या बसच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुढे एक बाई होती, तिच्यामागे एक म्हातारा. दोघांच्या मागे प्रबुद्ध, आणि त्याच्यामागून कोणी येत नव्हतं.